ओहोटीचे शेत, भरतीचा आसरा

पणजीहून रायबंदरकडे जाणारा रस्ता सुमारे तीन किलोमीटरपर्यंत एका जुन्या बांधावरून जातो. पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट लिन्यारिश याच्या अमदानीत, १६३३-३४ च्या सुमारास, हा बांध घातला गेला. त्याच्या एका अंगास मांडवीचे पात्र आहे आणि दुसऱ्या अंगास मिठागरे, कांदळवने व खाडीचे फाटे आहेत. भरती भरलेली असते तेव्हा या रस्त्याने जाणारा उतारू दोन्हीकडचे चमकते पाणी पाहून संतोष पावतो. सुकती लागली, पाणी मागे सरले आणि काळपट चिखल उघडा पडला, म्हणजे तोच उतारू नाकाला रुमाल लावून तोंड फिरवतो. चिखल म्हणजे घाण आणि चिखलाची जागा म्हणजे वाया गेलेली जागा, हा समज आपल्याकडे इतका रुजलेला आहे की, कोठे भराव घालावयाचा झाला तर पहिली दृष्टी अशाच जागेकडे वळते.

उतारूने तोंड फिरवले त्याच घटकेला त्या चिखलावर शेकडो पक्षी उतरत असतात. त्यांतील कित्येक हजारो मैलांचा प्रवास करून आलेले असतात, आणि तो सारा प्रवास ते याच चिखलासाठी करतात. त्यांच्या दृष्टीने ही पडीक जागा नव्हे. हे एक शेत आहे, आणि ते दिवसातून दोनदा उघडते व दोनदा पाण्याखाली झाकले जाते. हे शेत पिकते कसे, त्यावर कोण चरते, आणि शेत झाकले गेल्यावर चरणारे जातात कोठे, असे तीन प्रश्न येथे उभे राहतात. पहिल्या दोहोंची उत्तरे मनोरंजक आहेत. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पण किनाऱ्यावरील पक्ष्यांचे भवितव्य बव्हंशी त्यावरच अवलंबून आहे.

प्रथम शेताचा विचार करू. पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आपल्याबरोबर बारीक माती घेऊन येतात. गोड्या पाण्यात मातीचे कण सुटे सुटे तरंगत असतात. खाडीच्या मुखाशी खारे पाणी मिसळले की ते कण एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि जेथे प्रवाह मंद असेल तेथे तळाशी बसतात. वर्षानुवर्षे असे थर साचून चिखलाची सपाटी तयार होते. काठावरच्या कांदळवनाची पाने गळून त्यात कुजतात आणि त्या कुजलेल्या पानांवर सूक्ष्म जंतू वाढतात. ओहोटीच्या वेळी ऊन पडले की चिखलाच्या पृष्ठभागावर एक सोनेरी-तपकिरी साय दिसते. ती साय म्हणजे डोळ्यांना सुट्या न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पतींचा थर होय. या पानांच्या चुऱ्यावर व या सायीवर समुद्री किडे, शिंपले, गोगलगायी, कोळंबीची पिले आणि लहान खेकडे पोसले जातात. गोव्यात ओहोटीच्या वेळी तिसऱ्या व खुबे वेचण्यासाठी चिखलात उतरणाऱ्या बायकांना या शेताची सुपीकता कोणी पुस्तकातून शिकवावी लागत नाही. पक्ष्यांनाही ती अशीच ठाऊक आहे. फरक इतकाच की, बायकांच्या हाती कोयता किंवा काठी असते आणि पक्ष्यांपाशी चोच असते.

हे शेत केव्हा उघडेल हे चंद्र ठरवतो. दोन भरत्या आणि दोन ओहोट्या मिळून सुमारे चोवीस तास पन्नास मिनिटे लागतात. म्हणून आजची ओहोटी उद्या सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास सूर्य व चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते आणि समुद्राला उधाण येते. अशा दिवसांत पाणी खूप चढते, तसेच ते खूप मागेही हटते. अष्टमीच्या सुमारास या दोन ओढी एकमेकींना काटकोनात असतात. त्या वेळी पाणी फारसे चढत नाही व फारसे उतरतही नाही. कोळी लोक या दिवसांना भांग म्हणतात.

कोकणच्या कोळ्यांनी भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आहे. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार त्रिक बारा, बाराला चाराने भागले की तीन. म्हणजे तीन वाजता भरती आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, नऊ वाजण्याच्या पुढे, पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूस बराच जुळतो. गोव्यात भरती थोडी आधी येते आणि नदीच्या पात्रात आत जावे तसतशी ती उशिरा पोचते; तेव्हा घड्याळाचा थोडा फेर धरावाच लागतो. बंदरखात्याची भरती-ओहोटीची कोष्टके अर्थातच अधिक अचूक असतात. तथापि या जुन्या हिशेबावरून एक गोष्ट सहज ध्यानात येते. द्वितीयेपासून पंचमीपर्यंतच्या दिवसांत ओहोटी सकाळच्या कोवळ्या उन्हात येते आणि उधाण नुकतेच होऊन गेलेले असल्यामुळे चिखलही लांबवर उघडा पडतो. पक्षी पाहू इच्छिणाऱ्याने पंचांग उघडून हे चार दिवस हेरून ठेवावेत.

सर्व किनाऱ्यांवर हे शेत सारख्याच रुंदीचे नसते. गोव्यात उधाणाच्या दिवशीही पाण्याची पातळी साधारण दोन मीटरच चढते-उतरते, त्यामुळे येथील चिखल नद्यांच्या मुखांशी व खाड्यांच्या कडांना अरुंद पट्ट्यांनी आढळतो. मुंबईस ही चढ-उतार चार-पाच मीटर होते. बडोद्याच्या लोकांना जवळ असलेल्या खंबायतच्या आखातात तर ती भावनगरपाशी दहा मीटरच्याही वर जाते आणि ओहोटीला समुद्र मैल-दोन मैल निघून गेल्यासारखा भासतो. कच्छच्या आखातात जामनगरजवळ अशाच विस्तीर्ण सपाट्या आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८० मध्ये व राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये जाहीर झाले.

आता चरणाऱ्यांकडे वळू. प्रथमदर्शनी चिखलावरचे सारे पक्षी एकाच राखी-तपकिरी रंगाचे वाटतात आणि नवशिका माणूस निराश होतो. त्याने रंगाचा नाद सोडून चाल आणि चोच यांकडे पाहावे. चिखल्या नावाचा गुबगुबीत पक्षी चार पावले दुडूदुडू धावतो, एकदम थबकतो, क्षणभर निश्चल उभा राहतो आणि झटकन वाकून काहीतरी टिपतो. त्याची चोच आखूड व डोळे मोठे असतात. तो नजरेने शिकार करतो. किड्याने चिखलातून जरा डोके वर काढले की तो त्यास हेरतो. दुसऱ्याची धावपळ आपल्या शिकारीला बिचकवू नये म्हणून चिखल्या एकमेकांपासून अंतर राखून उभे असतात.

तुतवार व टिलवे यांची रीत याच्या अगदी उलट. ते मान खाली घालून चालत राहतात आणि शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे चिखलात टाके घालीत जातात. त्यांना आत दडलेले भक्ष्य दिसत नाही. ते चोचीला जाणवते. चोचीच्या टोकाशी स्पर्शज्ञानाच्या असंख्य सूक्ष्म पेशी असतात. शिवाय यांतील बऱ्याच पक्ष्यांना चोच मुळापासून न उघडता फक्त तिचे टोक उघडता येते. त्यामुळे चिखलात खोल रुतलेल्या चोचीनेही किडा पकडता येतो. नेदरलंड्समधील संशोधकांनी १९९८ मध्ये याच कुळातील नॉट नावाच्या पक्ष्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ओल्या वाळूत पुरलेला शिंपला या पक्ष्याला चोच प्रत्यक्ष न लागताही कळत असे. शिंपल्याऐवजी दगडाचा खडा पुरला तरी तो कळत असे. म्हणजे येथे वासाचा किंवा हालचालीचा संबंध नव्हता. चोच खुपसताच वाळूच्या कणांमधील पाण्यावर दाब पडतो आणि मध्ये कठीण वस्तू असली की तो दाब बदलतो. तो बदल चोचीचे टोक ओळखते. कोरड्या वाळूत मात्र ही विद्या चालत नसे. असे पक्षी सरत्या पाण्याच्या ओल्या कडेला धरून का चालतात, याचा काही उलगडा यावरून होतो.

चोचींची लांबी पाहिली म्हणजे या शेताची वाटणी कशी झाली आहे ते कळते. छोट्या टिलव्याची चोच जेमतेम पाऊण इंच. तो वरच्या पापुद्र्यातले किडे खातो. लाल पायांचा टिलवा त्याहून खोल जातो. तो अत्यंत सावध असून माणूस दिसताच शीळ घालून साऱ्या थव्याला जागे करतो. पाणटिवळ्याची सरळ लांब चोच कधी कधी डोळ्यांपर्यंत चिखलात बुडते. कोरल हा यांतला सर्वांत थोर. त्याची विळ्यासारखी बाकदार चोच पाच-सहा इंच भरते. तो खेकड्याला त्याच्या वाकड्या बिळातून ओढून काढतो, झटके देऊन त्याचे पाय मोडतो आणि मग उरलेला घास गिळतो. उचाटाची चोच वर वळलेली असते. ती तो उथळ पाण्यात डावी-उजवीकडे कोयत्यासारखी फिरवतो. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर थेट पाण्यात उभा राहून पृष्ठभागावरचे किडे टिपतो. रोहित पक्षी तर डोके उलटे करून चोचीच्या गाळणीतून पाणी व चिखल गाळतो. एकाच शेतात दहा घरची माणसे उतरावीत आणि कोणी कोणाच्या वाट्यावर हात टाकू नये, असा हा प्रकार आहे. चोच जितकी खोल जाईल तितका ज्याचा त्याचा हिस्सा ठरलेला.

हे पाहुणे येतात कोठून? ऑगस्टच्या अखेरीपासून ते आपल्या किनाऱ्यावर दिसू लागतात आणि एप्रिल संपेपर्यंत बहुतेक निघून गेलेले असतात. वाळूवर व चिखलावर धावणाऱ्या लहान चिखल्यांतील काहींची घरटी लडाख व तिबेटच्या उंच माळांवर असतात. छोटा टिलवा रशियाच्या व स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकास, ध्रुवप्रदेशातील बर्फ वितळलेल्या दलदलीत अंडी घालतो. त्याचे वजन सारे दोन-सव्वादोन तोळे. एवढासा जीव दर वर्षी ध्रुवप्रदेशापासून गोव्यापर्यंत येतो व परत जातो. या कुळाचे सामर्थ्य किती, याचा पुरावा अलीकडच्या काळात उपग्रहांनी दिला आहे. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या अंगावर बसविलेल्या लहानशा यंत्रामुळे कळून आले की, २००७ मध्ये एक मादी अलास्काहून न्यूझीलंडला सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर कोठेही न थांबता उडत गेली. २०२२ मध्ये त्याच वर्षी जन्मलेले एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,००० किलोमीटरहून अधिक अंतर अकरा दिवसांत, अन्नपाण्याशिवाय, उडून गेले. ते पक्षी पॅसिफिक महासागराच्या मार्गावरचे. परंतु त्याच जातीचे त्यांचे भाऊबंद हिवाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येतात.

अशा प्रवासाची शिदोरी चरबीच्या रूपाने अंगावर वाहावी लागते. दूरच्या उड्डाणापूर्वी पाणटिवळ्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते आणि जागा व भार वाचविण्यासाठी त्याची पचनाची इंद्रिये आकसतात. म्हणून मार्च व एप्रिल हे महिने मोलाचे. या दिवसांत चिखलावर पाहिले तर हिवाळाभर फिके असलेले काही पक्षी विटकरी-तांबडे होऊ लागलेले दिसतात. तो विणीचा पोशाख असतो, आणि तो दिसू लागला म्हणजे पक्षी प्रयाणाच्या तयारीला लागला असे समजावे. या काळात प्रत्येक ओहोटी म्हणजे त्याच्या शिदोरीत पडणारी एक मूठ असते. ती रात्री आली तर तो रात्रीही चरतो. त्याचा दिवस सूर्योदयाने सुरू होत नाही.

येथवर ओहोटी झाली. आता तिसरा प्रश्न. पाणी चढू लागले की शेत आकसत जाते. पक्षी काठाकडे सरकतात, थवे दाट होतात आणि शेवटच्या पट्ट्यावर पाणी आले की सारा थवा एकदम उठतो. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळ जण येथेच दुर्बीण पिशवीत घालतात. वास्तविक निम्मी गोष्ट अजून उरलेली असते. पक्ष्यांना आता चार-सहा तास असे कोठेतरी उभे राहावयाचे असते की, जेथे पाय कोरडे किंवा फार तर घोट्याएवढ्या पाण्यात राहतील, सभोवार नजर पोचेल आणि कोणी हुसकावणार नाही. काही तुतवार व लहान जातीचे कोरल कांदळवनाच्या फांद्यांवर जाऊन बसतात. चिखल्या, छोटे टिलवे, पाणटिवळे यांना मात्र मोकळी, उघडी जागाच लागते. झाडीच्या आडून बहिरी ससाणा केव्हा झडप घालील याचा नेम नसतो. म्हणून ते वाळूच्या दांड्यावर, शेताच्या बांधावर आणि विशेषेकरून मिठागरात जाऊन उतरतात. वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून ते विसावा घेतात. त्यांची ही झोप ऐषआरामाची नसते. जे खाल्ले ते अंगी लागावयाचे असेल तर उड्डाणाचा खर्च टाळलाच पाहिजे. कुत्रा भुंकत आला, कोणी छायाचित्रासाठी पुढे धावला किंवा कोणी गंमत म्हणून टाळी वाजवली, म्हणजे सारा थवा उडतो, दोन-चार घिरट्या घालतो, आणि ओहोटीला कमावलेले भरतीला गमावून बसतो.

गोव्यात हा भरतीचा आसरा माणसाच्याच हातांनी घडविलेला आहे, ही विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. खाडीकाठच्या सखल भूमीला बांध घालून गावकऱ्यांनी शतकानुशतके खाजण शेती केली. अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन गोव्यात आहे. बांधात मानस नावाची लाकडी दारे बसवलेली असतात. भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर पडताना उघडतात. या व्यवस्थेत कोठे भात पिकते, कोठे मासळी वाढते, तर कोठे पावसाळ्यानंतर खारे पाणी घेऊन मीठ पिकवतात. मिठागरातील एका वाफ्यात वीतभर पाणी, दुसऱ्यात बोटभर, तिसऱ्यात नुसती ओल. त्यामुळे लहान-मोठ्या सर्व पायांच्या पक्ष्यांची तेथे सोय लागते. मीठ पिकविणाऱ्याने हे पक्ष्यांसाठी केलेले नसते. तथापि त्याचा व्यवसाय चालू आहे तोवर पक्ष्यांचा निवाराही चालू असतो.

तो व्यवसाय आज क्षीण होत चालला आहे. बाहेरून येणारे स्वस्त मीठ, कामाला न मिळणारी माणसे, फुटलेले व दुरुस्त न होणारे बांध यांमुळे गोव्यातील कितीतरी मिठागरे ओस पडली. ओस पडलेल्या मिठागराची वाट दोन दिशांनी जाते. बांध फुटून त्यात कांदळ माजते, किंवा त्यावर भराव पडून ते बांधकामाची जमीन होते. कांदळवन ही चांगली गोष्ट आहे. ती किनाऱ्याची ढाल आहे. पण उघड्या जागेवर विसावणाऱ्या पक्ष्याला दोन्ही गोष्टी सारख्याच. त्याचा आसरा गेला तो गेला. चोडण बेटाच्या पश्चिम टोकास, रायबंदरसमोर, सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य १९८८ मध्ये झाले. त्याचे क्षेत्र १.७८ चौरस किलोमीटर असून ते मुख्यतः कांदळवनाचे आहे. ते मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु पक्ष्याचा सारा दिवस तेवढ्या कुंपणात मावत नाही.

मुंबईकडे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. १९९० नंतरच्या दशकात रोहित पक्षी शिवडी व ठाणे खाडीच्या चिखलावर मोठ्या संख्येने येऊ लागले आणि पुढे त्यांची गणना लाखाच्या वर गेली. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा भाग रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ओहोटीच्या शेताचे असे रक्षण झाले. पण भरती आली की रोहितांचे थवे नवी मुंबईतील ज्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात, ती तळी राखावीत की बुजवावीत, यावरून मात्र वर्षानुवर्षे वाद होत राहिले. जेवणघराला कुलूप लावून ते सांभाळावे आणि निजण्याची खोली विकावयास काढावी, असाच हा प्रकार झाला.

शेतच बुजवले तर काय होते, याचे उदाहरण दक्षिण कोरियात घडले. तेथे सेमानगुम या ठिकाणी ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत बांधून २००६ मध्ये सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा भरती-ओहोटीचा प्रदेश समुद्रापासून तोडण्यात आला. सैबेरिया व ऑस्ट्रेलिया यांच्या दरम्यान ये-जा करणारे मोठे नॉट पक्षी तेथे हजारोंनी विसावत व चरत असत. ते दुसरीकडे जातील अशी अनेकांची समजूत होती. ते दुसरीकडे गेले नाहीत. ऑस्ट्रेलियात हिवाळी मुक्कामाला पोचणाऱ्यांची संख्याच घटली. दुसरीकडचे चिखल आधीच भरलेले होते. हाच मोठा नॉट कच्छच्या आखातातही हिवाळ्यात थोड्या संख्येने येतो.

त्याहूनही दारुण उदाहरण बारीक चोचीच्या कोरलाचे. सैबेरियाच्या बाजूने येऊन भूमध्य समुद्राकाठी हिवाळा घालविणारा हा पक्षी शेवटचा निःसंशयपणे दिसला तो १९९५ मध्ये, मोरोक्कोच्या किनाऱ्यावर. पुढे तीस वर्षे त्याचा शोध चालला. अखेर २०२५ मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघाने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. शिकार व पाणथळ जागांचा नाश ही त्याच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे मानली जातात. आपल्या खाडीत आज जो कोरल खेकडा ओढताना दिसतो, त्याचाच हा सख्खा नातलग होता.

कायद्याचे साहाय्य अगदीच नाही असे नव्हे. १९९१ मध्ये किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली आणि २०११ व २०१९ च्या अधिसूचनांत चिखलाच्या सपाट्या व कांदळवने यांना अत्यंत संवेदनशील भागांत स्थान मिळाले. परंतु कायद्याला चिखल दिसतो तो ओहोटीचा. बांधापलीकडचे ओस मिठागर, पडीक खाजण, गावाचे तळे यांच्यावर पक्षी दिवसाचे चार तास उभे असतात, ही नोंद कोणीतरी केलेली असेल तरच ती पुढे मांडता येते. ही नोंद करणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते आणि तीत हौशी मंडळींचाच भरणा असतो. शाळेतील मुलांचे एक लहानसे पथक, एक वही, एक दुर्बीण आणि एकच जागा दर महिन्याला पाहण्याचा नेम, एवढ्या सामग्रीवर या कामाचा आरंभ होऊ शकतो.

ज्यांच्या गावी समुद्र नाही त्यांनीही हा विषय परका मानू नये. इंदूरजवळचे सिरपूर व यशवंतसागर, बडोदे संस्थानाने सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेला डभोईजवळचा वढवाणा तलाव, हैदराबादभोवतालची तळी, बेळगावकडील पाझर तलाव, या ठिकाणी चंद्राची ओहोटी नसते; परंतु पावसाळा सरल्यावर पाणी हळूहळू ओसरते आणि काठाशी ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडत जातो. ती सहा तासांऐवजी सहा महिने चालणारी ओहोटीच म्हणावयाची. तुतवार, शेकाटे आणि छोटे चिखल्ये तेथेही उतरतात. तलावाच्या चारी कडा दगडांनी बांधून काढल्या, तर तलाव देखणा दिसतो खरा. पण हा पट्टा नाहीसा होतो आणि त्याबरोबर हे पाहुणेही.

शेवटी पाहण्याच्या रीतीविषयी थोडे. आठ किंवा दहा पट मोठे दाखविणारी साधी दुर्बीण पुरते. पूर्ण ओहोटीच्या वेळी पक्षी फार दूर विखुरलेले असतात. म्हणून ओहोटी सरून पाणी चढू लागण्याच्या सुमारास काठावर येऊन बसावे. सूर्य पाठीशी असावा, कपडे मातकट असावेत आणि जागा एकदा धरली की हलू नये. मग पक्ष्यांकडे जावे लागत नाही. पाणीच त्यांना जवळ आणून सोडते. चिखलात पाऊल टाकू नये. तो पायाला सोडत नाही आणि भरती वाट पाहत नाही. पक्ष्यांनी माना वर करून टक लावली, म्हणजे पाहणारा हवा त्याहून जवळ आला असे समजून मागे सरावे. आणि थवा उठून गेला की लगेच घरची वाट न धरता तो कोणत्या दिशेने गेला ते पाहावे, तिकडे सावकाश जावे आणि तो जेथे उतरला असेल त्या जागेचे नाव, तारीख व तिथी वहीत लिहून ठेवावी. गावातल्या कोणाला ती जागा पडीक वाटत असेल. ती तशी नाही हे सांगण्यासाठी त्या वहीचा उपयोग होईल.